धाकटा नावाचा कप्पा

३ जून

भावजी,

जाताना तुम्ही दारात म्हणालात, "काही लागलं तर लिहा." लोक असं म्हणायचं म्हणून म्हणतात, हे मला कळतं. पण मला खरंच लागलंय, म्हणून लिहिते.

ह्यांना जाऊन आज पस्तीस दिवस झाले. कामाची खोली तशीच आहे. टेबलावर एक सूक्ष्मदर्शक उघडा पडलाय, त्याचे स्क्रू बशीत. बशीतला कुठला स्क्रू कुठे बसतो हे जाणणारा माणूस आता नाही. फळीवर आणखी सोळा आहेत. कुठल्या कॉलेजचे, कुठल्या प्रयोगशाळेचे, एकावरही चिठ्ठी नाही. "मला यंत्र बघितलं की मालक आठवतो," असं हे मोठ्या तोऱ्यात सांगायचे. आता यंत्रं आहेत, मालक आहेत, मधला आठवणारा गेला.

मालक ह्यांच्या पत्त्यावर मेल करतात. परवा धीर करून तो कॉम्प्युटर उघडला. नऊ हजार आठशे बारा मेल, भावजी. बँकेचे, औषध दुकानाचे, कुणी पंखे विकतो, कुणी जमिनी, आणि त्या ढिगात कुठेतरी एक बाई लिहितात की परीक्षा तोंडावर आल्या, आमचे चार सूक्ष्मदर्शक कुठवर आले. त्यांना कळवायला तर हवं. मी वरून वाचायला सुरुवात केली आणि दोन तासांत एप्रिलसुद्धा संपला नाही. एका जुन्या मेलमध्ये कुणीतरी ह्यांना "भिंगांचे डॉक्टर" म्हटलं होतं, तिथेच अडकून बसले.

तुम्ही उभं आयुष्य दफ्तरखान्यात कागद लावण्यात घातलंत. हे लावायचं कसं, ते सांगाल का? मी साधी बाई आहे हे धरून सांगा.

तुमची,
वहिनी


९ जून

वहिनी,

पत्र मिळालं. मी म्हणायचं म्हणून म्हटलं नव्हतं.

उत्तर मेलवर न देता कागदावर देतोय, त्याचं कारण माझा डावा डोळा. दोन वर्षांपूर्वी त्याचं ऑपरेशन झालं, जेमतेम वाचला. पडद्याकडे दहा मिनिटं बघितलं की पाणी येतं. दुसरं कारणही सांगून टाकतो. दादाच्या त्या पत्त्यावर मी इतके मेल पाठवलेत की आणखी एक पाठवायला बोट उचलत नाही.

आता काम. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट सांगतो: कागद वाचत बसायचं नाही. वाचत बसला तो संपला. तुम्ही नेमकं तेच केलंत. आधी कप्पे करा. डाव्या बाजूला जिथे "इनबॉक्स" लिहिलंय त्याच्या खाली नवा कप्पा करायची सोय असते. चारच करा. "यंत्रांचे मालक". "उत्तर द्यायचं". "घरचं", म्हणजे बँक, वीज, औषधं. आणि "बाकी". पाचवा करायचा मोह होईल. करू नका. फार कप्पे झाले की माणूस कप्पेच शोधत बसतो.

मग नियम. नियम म्हणजे तुम्ही कॉम्प्युटरला एकदाच सांगून ठेवायचं, की अमक्याकडून मेल आला तर तमक्या कप्प्यात टाक. मग तो विचारत नाही, दमत नाही, आयुष्यभर टाकत राहतो. पंखेवाल्याचा नियम करा, जमिनीवाल्याचा करा. दहा-बारा नियमांत निम्मा ढीग हलेल. उरलेल्यातून कॉलेज आणि प्रयोगशाळा तुम्हाला आपोआप दिसू लागतील.

एक जपा. सेटिंगमध्ये नियमांची यादी असते. दादाने आधी काही नियम केले असतील तर ते पुसू नका, मला कळवा. जुना नियम नव्याच्या आधी चालतो आणि कागद भलतीकडे जातात. शोधून सापडत नाहीत.

आता एक विचारतो. प्रेताजवळ उभं राहून विचारायची ती गोष्ट नव्हती, म्हणून गप्प राहिलो. दादा माझे मेल वाचत होता का? उत्तर त्याने दिलं नाही ते नाही. आईला जाऊन सहा वर्षं झाली, सहा वर्षांत एक ओळ नाही. पण वाचत होता का, एवढंच सांगा.

तुमचा,
भावजी


१७ जून

भावजी,

तुमची विद्यार्थिनी पास झाली. पण आधी नापास झाली ते ऐका. मी शहाणपणा करून नियम केला की ज्या मेलमध्ये "भिंग" हा शब्द असेल तो "यंत्रांचे मालक"मध्ये जावा. तर चष्म्याच्या दुकानाच्या सगळ्या जाहिराती त्या कप्प्यात जाऊन बसल्या. तीनशे. मी एकटीच हसले. बऱ्याच दिवसांनी ह्या घरात कुणी हसलं, आणि मला माझाच आवाज परका वाटला.

मग तुम्ही सांगितलंत तसं माणसांच्या पत्त्यांवरून केलं. सतरापैकी बारा यंत्रांचे मालक सापडले. परीक्षावाल्या बाईंना कळवलं. त्यांनी लिहिलं की घाई नाही, आणि ह्यांनी दुरुस्त केलेला एक सूक्ष्मदर्शक तिथे एकोणीस वर्षं चालतोय. सगळ्यांना लिहिते आहे की यंत्रं आहेत तशीच परत नेता येतील.

नियमांची यादी बघितली. त्यात आधीचा एकच होता. तुमच्या पत्त्याचा. तुमचा मेल आला की "धाकटा" नावाच्या कप्प्यात जायचा. त्यात त्रेचाळीस मेल आहेत.

वाचत होते, भावजी. सगळे वाचत होते. तुमच्या ठकीच्या लग्नाचं वाचून दोन दिवस नीट जेवले नाहीत. उत्तर का दिलं नाही ते मला विचारू नका. ह्यांचा स्वभाव तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत आहे.

डोळ्याला जपा.

वहिनी


२४ जून

वहिनी,

तुमचं पत्र कामावर आलं. मी ते दफ्तराच्या मागच्या जिन्यात उभं राहून वाचलं आणि पुन्हा वर गेलो नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. एकतीस वर्षांत अशी रजा मी टाकलेली नाही.

तुम्हाला कळतंय का तुम्ही काय लिहिलंत? आमच्याकडे हजारो कागद येतात. स्वतंत्र कप्पा कुठल्या कागदाला मिळतो? जो हरवून चालत नाही, त्याला. दादाने बाकी काही लावलं नाही, नऊ हजार मेल उघड्यावर टाकले, यंत्रांवर साधी चिठ्ठी लावली नाही, आणि सबंध आयुष्यात एकच कप्पा केला, एकच नियम केला. माझ्यासाठी. आणि नाव दिलं "धाकटा". मला त्या नावाने हाक मारणारं दुसरं कुणी उरलं नाही.

घरी येऊन हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "मग सहा वर्षं तुम्ही उगाच स्वतःला खात होतात." खरं आहे. मला वाटायचं, इस्पितळाच्या पॅसेजमध्ये दादा जे बोलला ते त्याच्या मनातून गेलंच नाही. "तू आईला जाऊ दिलंस." डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन केलं तर टेबलावरच जाईल. मी सही केली नाही. दादा पाच तासांनी पोचला. पाच तास आई थांबली असती तर त्याने माझ्या जागी काय केलं असतं, हे मी त्याला नंतर फार वाईट शब्दांत विचारलं. ते पहिले दहा-बारा मेल मी परत घेऊ शकलो असतो तर घेतले असते. पण पुढचेही त्याने वाचले म्हणता, तेव्हा माफीही वाचली असेल. आता मला पुरे.

ठकीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "गोड गोड नको, काकूला खरं विचार." तिचं असं आहे. चार वर्षांपूर्वी तिला दादाच्या हाताखाली काम शिकायचं होतं. भिंगं, नळ्या, सगळं. मी दोनदा मेल केला, "ठकीला तुझ्याकडे ठेवून घेशील का?" तिने दीड वर्ष वाट पाहिली आणि मग विम्याच्या कचेरीत लागली. लहानपणी तिच्या हातून काकाचं एक भिंग फुटलं होतं, म्हणून काकाने नको म्हटलं असेल, असं तिच्या मनाने घेतलंय. ते वाचून दादा काय म्हणाला? वाईट असलं तरी चालेल. आठवून लिहा.

धाकटा


८ जुलै

भावजी,

दोन आठवडे पत्र लिहून फाडते आहे. हे फाडणार नाही.

ह्यांनी तुमचा एकही मेल वाचला नाही. पहिले बारा वाचले, ते सोडून एकही नाही. तो कप्पा ह्यांनी केलेला नाही. मी केला. नियम मी केला.

तुमचे ते बारा मेल आले त्या दोन महिन्यांत ह्यांचे हात कापायला लागले होते. एका दुपारी तुमचा मेल वाचून हे टेबलाशी गेले आणि बसल्या जागी घसरले. तो पहिला झटका. तुम्हाला कळवलं नाही, कुणालाच कळवलं नाही. तुम्ही एकदा फोन केला होता, मी उचलला आणि म्हटलं, झोपलेत. डॉक्टरांनी सांगितलं, मनाला त्रास होईल असं काही समोर येऊ देऊ नका. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी हे अंथरुणावर होते तेव्हा मी कॉम्प्युटरवरचं मदतीचं पान तीनदा वाचलं आणि तो नियम केला, आधीचे बाराही त्याच कप्प्यात हलवले. "धाकटा" कप्पा "जुन्या पावत्या" नावाच्या कप्प्याच्या पोटात ठेवला, आणि आलेला मेल वाचलेला दाखवायचा असंही त्यात सांगून ठेवलं, म्हणजे न वाचलेल्यांचा आकडा दिसू नये. नियम कसा करतात ते मला येत होतं, भावजी. तुम्ही शिकवलंत ते शिकल्याचं मी सोंग केलं.

महिना-दोन महिन्यांपुरतं करायचं मनात होतं. हे बरे झाले, टेबलाशी बसायला लागले, हात थांबले. मला वाटलं, आता काढला आणि पुन्हा तसलंच काही आलं तर? तुमचे मेल उघडायची मला भीती वाटायची. तुम्ही तिथे शिव्याच घालत असाल असं मी धरून चालले. उघडले असते तर त्या बारांनंतरचा दुसराच मेल माफीचा आहे हे कळलं असतं. कप्प्यात एकूण किती झाले, तेवढाच आकडा मी बघायची. पंधरा. बावीस. तीस. आणि जसे दिवस गेले तशी दुसरीच भीती. आता काढला तर ह्यांना कळेल की मी काय केलं.

हे वाट बघत होते. हे तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर मी आणखी एक चोरी करेन. महिन्यातून एखाद्या सकाळी मेल बघून झाले की चष्मा काढून म्हणायचे, "धाकट्याचं काही नाही." तक्रार नसायची त्यात. पाऊस नाही म्हणावं तसं. मी म्हणायची, "तुम्हीच लिहा की." तर म्हणायचे, "मी बोललो ते बोललो. आता त्याला नको असेल तर दार कशाला वाजवू?" आणि मी स्वयंपाकघरात जायची.

ठकीचं मी तुम्ही विचारल्यावर पहिल्यांदा वाचलं. लग्नाचंही त्या १७ तारखेच्या सकाळीच. ह्यांनी जेवण टाकलं वगैरे सगळं मी रचलं. ठकीला सांगा, ते फुटलेलं भिंग ह्यांना आठवतसुद्धा नसेल. हे शेवटची तीन वर्षं म्हणत होते की हे काम कुणाला द्यावं, कुणी शिकायला येत नाही. असं लिहिताना माझा हात चालत नाही. पण तिने खरं मागितलंय.

मदतीसाठी मी तुम्हालाच का लिहिलं, कुणा शेजाऱ्याला का नाही विचारलं, हे मी स्वतःला विचारते. सापडावं असंच मला वाटत होतं बहुतेक. आणि मग तुम्ही नेमका प्रश्न विचारलात तेव्हा खोटं बोलले.

क्षमा करा असं लिहीत नाही. लिहिलं तर तुम्हाला त्याचं उत्तर द्यावं लागेल.

वहिनी


३० ऑगस्ट

जाऊबाई,

ह्यांच्याकडून पत्र नाही म्हणून तुम्ही दारातल्या पेटीकडे बघत असाल, म्हणून मी लिहिते. ह्यांना माहीत नाही.

तुमचं पत्र आल्यावर ह्यांनी ते चारदा वाचलं, घडी घातली आणि कपाटात कागदपत्रांच्या खाली ठेवलं. कामावर जातात, येतात, जेवतात. मी विचारलं तर म्हणाले, "मला काय वाटतं ते मला अजून कळलेलं नाही." ठकीला मी सांगितलं. ती रडली, आणि मग तुमच्यावर रागावली, आणि मग म्हणाली की काकू एकटी असेल.

मलाही तुमचा राग आला. खोटं कशाला सांगू. सहा वर्षं हे दर सणासुदीला नाही, दर सुखदुःखाला त्या मेलसमोर बसायचे आणि पाठवून झाल्यावर तिथेच थोडा वेळ बसून राहायचे, लगेच उत्तर येईल असं वाटून. ते मी बघितलंय. पण माझ्या नवऱ्याला झटका आला असता तर मी काय काय दडवलं असतं, हेही मला ठाऊक नाही.

तुम्ही लिहीत राहा. तुमचं पत्र आलं तर हे फेकणार नाहीत, एवढं मी सांगू शकते.

तुमची धाकटी जाऊ


६ सप्टेंबर

भावजी,

उत्तर मागायला हे पत्र नाही.

सोळा यंत्रं आपापल्या घरी गेली. उघडलेलं ते एक राहिलं. त्याचा मालक कोण, अजून सापडत नाही. "उत्तर द्यायचं" कप्पा आता रिकामा आहे. रोज सकाळी चार-पाच मेल येतात, आपापल्या जागी जातात. करायला काही उरलं नाही, तेव्हा मी "धाकटा" उघडला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. पाच दिवस लागले.

ह्यांना तुमचे दिवस कळले नाहीत, ते आता कळवता येत नाहीत. पण ह्यांचे दिवस तुम्हाला कळवता येतील, असं माझ्या मनात आलं. ह्यांची कामाची वही आहे. रोज काय हाताळलं ते त्यात एका ओळीत लिहायचे, रविवारीसुद्धा. तुमच्या प्रत्येक मेलची तारीख घेऊन मी वहीत ते पान काढलं. बाकीचं मला आठवतं तसं लिहिते.

तुम्ही माफीचा मेल लिहिलात तो १९ ऑक्टोबर. त्या दिवशी ह्यांनी आजारपणानंतर पहिल्यांदा टेबलाशी एक तास काम केलं. वहीत आहे, "एक नळी साफ. हात बरा." संध्याकाळी मला बोलावून भिंगाखाली कांद्याचा पापुद्रा दाखवला, मी नवी नवरी असताना दाखवला होता तसाच.

आईच्या जुन्या शालीचं काय करू, असं तुम्ही विचारलंत ती ७ जानेवारी. वही म्हणते, "दोन भिंगांवर बुरशी. एक वाचलं." त्या दिवशी थंडी होती आणि हे आईची ती खाकरून हाक मारायची लकब करून दाखवत होते. शाल तुमच्याकडे आहे हे ह्यांना माहीत होतं. "धाकट्याने टाकली नसणार," म्हणाले होते, पण कधी ते आठवत नाही, त्याच दिवशी असं मी म्हणणार नाही. पुन्हा रचायचं नाही असं ठरवलंय.

ठकीचा पहिला मेल २ जुलै. वहीत, "कॉलेजचे सहा. एकटा किती करणार." एवढंच आहे. दुसरा मेल ११ नोव्हेंबर. त्या दिवशी ह्यांनी एक मोठं काम परत पाठवलं, होत नाही म्हणून.

लग्नाच्या दिवशी, तुम्ही मांडवातून दोन ओळी पाठवल्यात, "सगळे विचारतात तुझा भाऊ कुठे", त्या दिवशी हे दिवसभर घरीच होते. नळाची चकती बदलली. दुपारी झोपले. मोकळे होते, भावजी. निरोप मिळता तर निघाले असते.

डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख तुम्ही कळवलीत ती १४ मार्च. वहीत नोंद नाही, खोली बंद होती. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झाल्याचं लिहिलंत, त्या दिवशी सूक्ष्मदर्शकाचं एक फिरतं मेज, काच ठेवायचं, दुरुस्त केलं.

ह्यांनी वाचलेले पहिले बारा सोडून अशा एकतीस तारखा सोबतच्या कागदांवर आहेत. अक्षर वाकडं आहे, सांभाळून घ्या.

वहिनी


२१ सप्टेंबर

वहिनी,

कागद मिळाले. सगळे वाचले.

एक नोंद जुळत नाही. सहा वर्षांच्या वहीत रविवारीसुद्धा ओळ आहे, तुम्हीच तसं लिहिलंय. तुम्ही पाठवलेल्या एकतीस तारखांत एकच कोरी आहे, १४ मार्च. बाकी ठिकाणी तुम्ही नळाची चकतीसुद्धा सांगितलीत. इथे तीन शब्दांत आटोपलंत.

खोली का बंद होती?


२६ सप्टेंबर

भावजी,

ती तारीख तुमच्या नजरेतून सुटेल असं मला वाटलं नव्हतं. तरी सुटावी असं वाटत होतं.

१४ मार्चला आम्ही तुमच्या गावात होतो.

आदल्या दिवशी जेवताना हे म्हणाले, "उद्या धाकट्याला बघून येऊ." मी म्हटलं, कळवायला नको? तर म्हणाले, "भेटायचं नाही. नुसतं बघायचं. कसा दिसतो ते." सकाळच्या पहिल्या गाडीने निघालो. चार तास हे खिडकीशी बसले होते, एकदाही डुलकी घेतली नाही. मी शिदोरी सोडली तर नको म्हणाले.

तुमच्या दफ्तरासमोर रस्त्यापलीकडे वह्या-पेनांचं दुकान आहे. तिथे आम्ही उभे राहिलो. बराच वेळ उभं राहिल्यावर दुकानदार आत बघायला लागला, म्हणून मी एक रबर घेतलं. दीड वाजता तुम्ही बाहेर आलात. बरोबर दोघं होते. तुम्ही पायऱ्यांवर बसलात, डबा उघडलात. केस पांढरे झालेले बघून हे "अरे" म्हणाले, तेवढंच. मग त्या दोघांतला एक काहीतरी बोलला आणि तुम्ही हसलात. इतके हसलात की डब्याचं झाकण घसरून दोन पायऱ्या खाली गेलं आणि तुम्ही ते उचलायला वाकलात तरी हसतच होतात.

हे बघत होते. मग म्हणाले, "बरा आहे. आपल्यावाचून बरा आहे." आणि त्यांचं तोंड असं झालं की मला ते वर्णन करून सांगता येणार नाही, आणि मी करणारही नाही.

त्या वेळी कप्प्यात बत्तीस मेल होते. काय लिहिलंय ते मला माहीत नव्हतं, पण ज्याला भाऊ नको तो माणूस बत्तीस वेळा लिहीत नाही, एवढं कळायला मेल उघडावा लागत नाही. रस्ता रुंद नव्हता. वीस पावलं असतील. मला ह्यांचा हात धरून नुसतं पुढे व्हायचं होतं. किंवा तुम्हाला हाक मारायची होती. हे तेवढ्यात एक पाऊल पुढे गेलेही होते. रस्त्याच्या कडेवर एक पाय खाली ठेवलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला.

तेव्हा मी म्हटलं, "चला, गाडी चुकेल."

गाडीला दोन तास अवकाश होता. हे वळले आणि आम्ही गेलो.

त्याच सकाळी तुम्ही ह्यांना लिहिलं होतंत की डोळा जाईल अशी भीती वाटते. ते मी आत्ता, ह्या ऑगस्टमध्ये वाचलं. ह्यांनी तुम्हाला हसताना बघितलं आणि ते तसंच बरोबर घेऊन गेले. त्यानंतर "धाकट्याचं काही नाही" असं म्हणायचं हे थांबले.

आधीचं सगळं मी ह्यांच्या जिवासाठी केलं असं अजूनही म्हणू शकते. त्या दिवशीचं मी माझ्यासाठी केलं. म्हणून ते कागदावर नव्हतं.

वहिनी


४ ऑक्टोबर

वहिनी,

मी कशाला हसलो होतो, ते आठवायचा आठ दिवस प्रयत्न करतोय. आठवत नाही. त्या दोघांनाही विचारलं. त्यांना तो दिवसच आठवत नाही. सकाळी दहाला तो मेल पाठवला होता, एवढं आठवतं. मी घाबरलो की मला हसू जास्त येतं, लहानपणी आईच्या हातचा मार खातानाही यायचं, आणि मग दादा मध्ये पडायचा. दादाला हे माहीत होतं. पण पलीकडून ओळखू आलं नसेल.

काल जेवणाच्या सुट्टीत रस्ता ओलांडून त्या दुकानाशी गेलो. एकतीस वर्षांत तिथून आमच्या पायऱ्यांकडे कधी बघितलं नव्हतं. आमची दोन माणसं डबा खात होती. कोण आहेत ते कळतं. चेहऱ्यावर काय आहे ते कळत नाही. पावलं मोजली. तुम्ही वीस लिहिलीत. माझी सतरा झाली.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. ठकी म्हणते जाईल, ही म्हणते नाही गेला तरी चालवून घ्यायचं असतं. मी कुणाच्याच बाजूने काही कबूल करत नाही. ह्या पत्राला तुम्ही क्षमा समजू नका. पण दादाला त्या दिवशी बघणारं माणूस जगात एकच आहे, आणि ते तुम्ही आहात. तुम्हाला लिहायचं बंद केलं तर माझ्याजवळ तेवढंही राहत नाही. तुम्ही लिहीत जा. मी उत्तर देईन. उशीर होईल, पण देईन.

दुकानाच्या दाराला दोन्हीकडे उभं राहायला जागा आहे. डावीकडे खांब आहे, उजवीकडे मोकळं आहे. मी काल दोन्हीकडे उभा राहिलो, पण मला ठरवता येईना.

दादा कुठल्या बाजूला उभा होता, तेवढं कळवा.

धाकटा